नवाबाची खरूज आणि माझे हात

चोचीपाशी पांढरं दिसलं ते आधी जुलेखाला. जुलेखा म्हणजे माझी बायको. पिंजऱ्यात राळ्याचे दाणे टाकताना ती म्हणाली, "आवं, ह्याच्या तोंडाला पीठ लागलंय का बघा जरा." मी म्हटलं, "तूच भाकरी करताना उडवलं असशील." विषय तिथंच संपला. माझं हे असंच. जे बघायला नको वाटतं, त्याला मी आधी पीठ म्हणतो.

नवाब हा आमचा पोपट. रानातला नव्हे. चिमणीपेक्षा थोडा मोठा, अंग हिरवं, तोंड पिवळं, गळ्यावर काळे ठिपके. हल्ली ह्या जातीला बजी म्हणतात. सोलापूरच्या पाखरंवाल्यानं माझ्या थोरल्या भावाला तो ऑस्ट्रेलियाचा पोपट म्हणून दिला होता. निजामाचं राज्य जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. भाईजान पिंजरा घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "घे दस्तगीर, एक नवाब कुठंतरी राहिला होता, तो तुझ्यासाठी आणला."

का आणला, ते सांगायला पाहिजे.

आमचं गाव तेरखेडा आणि घरचं काम शोभेच्या दारूचं. भुईनळे, फटाके, वरातीपुढचे बाण. त्या उन्हाळ्यात लग्नसराईच्या घाईत मी भुईनळ्यात दारू ठासत होतो. ठिणगी कुठनं आली, मला अजून ठाऊक नाही. डोळे वाचले, तोंड वाचलं. हात भाजले, दोन्ही, मनगटाच्या वरपर्यंत. दोन महिने सोलापूरच्या दवाखान्यात होतो. रोज सकाळी पट्ट्या बदलणारी गाडी यायची. तिची चाकं लांबून वाजायला लागली की मी उशी दातांत धरायचो. शेजारच्या खाटेवरचा माणूस मोठ्यानं कलमा म्हणायचा, मी भिंतीकडं तोंड करायचो.

घरी आलो तो बोलणं टाकून आलो. भेटायला येणारा आधी हातांकडं बघायचा, मग तोंडाकडं, मग पुन्हा हातांकडं. मी शाल पांघरून बसायला लागलो. अम्मा विचारायची, जुलेखा विचारायची, मी मान हलवायचो. पहिले दोन-तीन महिने बोलायचो फक्त नवाबाशी, मग त्याच्याच निमित्तानं घरच्यांशी दोन शब्द. त्याला माझे आधीचे हात कसे होते ते ठाऊकच नव्हतं. दिवसभर त्याच्याशी बडबड, शिव्या, लाड, सगळं. तोही वर-खाली मान करून किचकिच करायचा. हे पाखरू गेलं असतं तर माझ्या तोंडाला कायमचं कुलूप लागलं असतं, हे मी आज सरळ सांगतो. तेव्हा कबूल केलं नसतं.

अम्माचा निकाल

आठ दिवसांत पीठ म्हणायची सोय राहिली नाही. चोचीच्या मुळाशी, नाकाच्या भोकांभोवती, पार डोळ्याच्या कडेपर्यंत पांढरा-करडा थर चढला. नीट बघितलं तर त्यात बारीक बारीक भोकं. पायांवर खवले. नवाब सारखा चोच तारेला घासायचा, खर्र, खर्र. ऐकून माझेच दात शिवशिवायचे.

शनिवारी अम्मा पिंजऱ्यापाशी आली. चष्मा नव्हता, पण डोळा तेज.

"ही खरूज हाय," ती म्हणाली. "पोरगी सारखी बोट घालती आत. तिला लागंल, मग साऱ्या घराला."

आमची शमा तेव्हा चार वर्षांची.

"जुम्म्यापस्तोर बघते. बरं झालं तर ठीक. न्हायतर पिंजरा माळावर न्यायचा आन दार उघडायचं."

माळावर घारी, कावळे. पिंजऱ्यात वाढलेलं पाखरू तिथं घटकाभर टिकलं नसतं. सोडणं म्हणजे काय ते अम्मालाही ठाऊक होतं, मलाही. ती वाईट बाई नव्हती. पोराचे हात गेलेले बघितलेल्या आईला नातीच्या अंगावर काही यायला नको होतं, एवढंच.

आमच्या घरचं औषध

आता माझा शहाणपणा ऐका.

खरूज म्हटल्यावर मी हसलो. भाजल्यापासून पहिल्यांदाच. अरे, खरूज, आणि ती दारूवाल्याच्या घरात! गंधक आमच्याकडं पोत्यानं. आजूबाजूच्या गावची खरजेची माणसं आमच्याच दारात यायची. अब्बांपासून रीत ठरलेली: गंधक खलात मैद्यासारखं करायचं, करडईच्या तेलात कालवायचं, डोक्यापासून पायापर्यंत चोळायचं आणि उन्हात बसवायचं. तीन दिवस. माणसाची जाते, शेळीची जाते. पाखराची का जाणार नाही?

रविवारी सकाळी मी खाटेवर बसून हुकूम सोडले आणि जुलेखानं केलं.

"आवं, एवढं तेल?" ती म्हणाली. "ह्याच्यात जीव केवढा!"

"तुला गंधकातलं काय कळतंय? चोळ. पंखाखाली पण घे."

तिनं घेतलं. नवाब पिवळा झाला. पिसं अंगाला चिकटली तेव्हा कळलं, आत पाखरू अंगठ्याएवढंच असतं. पिंजरा उन्हात टांगला. दुपारपर्यंत तो चोच उघडी टाकून धापा टाकायला लागला. मी म्हटलं, औषध लागू पडतंय. खरंच म्हटलं तसं. अब्बा पेशंटला घाम फुटला की हेच म्हणायचे.

ऊन कललं तसं त्याला आत घेतलं. दांडीवरून उडायला गेला आणि धपकन तळाला पडला. पुन्हा चढला, पुन्हा पडला. दिवस थंडीचे. संध्याकाळी कोपऱ्यात डोळे मिटून थरथरत बसला होता. दिवसभर चोचीनं पिसं साफ करताना गंधक पोटात गेलं होतं, खाली नुसतं हिरवं पाणी. मी हाक मारली. नवाब, ए नवाब. त्यानं एक डोळा उघडला आणि मिटला.

माझा धीर सुटला. आणि धीर सुटला की माझी जीभ सुटते.

"तू जास्त लावलंस," मी जुलेखाला म्हणालो. "मारलंस तू त्याला."

ती चुलीवरून आलेली, हाताला पीठ. तशीच उभी राहिली.

"हात माझे हुते," ती म्हणाली. "हुकूम कुणाचा हुता?"

आणि आत निघून गेली. त्या दिवशी तिनं मला जेवू घातलं, घास भरवला, पण माझ्याकडं बघितलं नाही.

बैलांचा डॉक्टर

सकाळी उठलो तर ती पिंजऱ्याला फडकं गुंडाळत होती. "शेजारी वाशीला गुरांचा दवाखाना हाय," ती म्हणाली. "म्या जाते. तुमी येताय का बसताय?"

पाच महिने मी उंबरा ओलांडला नव्हता. शाल घेतली, दोन्ही हात आत घेतले आणि निघालो. मोटारीत तिनं पिंजरा मांडीवर धरला, वरून पदर. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं माझी शाल बघितली. "काय रं बाबा, हाताला काय झालं?"

"हाताचं सोडा मामा," मी म्हटलं. "पाखरू मरायलंय."

जुलेखानं झटकन माझ्याकडं बघितलं. घराबाहेरच्या माणसाशी मी एवढं बोललेलं तिनं किती महिन्यांत ऐकलं नव्हतं.

दवाखान्यात दोन बैल आणि एक म्हैस आमच्या आधी. आमचा नंबर आला तेव्हा डॉक्टरनं पदराखालचा पिंजरा बघितला आणि कपाळाला हात लावला. "अहो, मी गुरांचा डॉक्टर. पाखरू आणलं नव्हतं कुणी आजवर." तरी माणूस चांगला. टेबल पुसलं, भिंग काढलं, नवाबाला तळहातावर घेतलं. लई वेळ बघत राहिला. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. सोलापूरला माझ्या पट्ट्या पहिल्यांदा सोडल्या तेव्हा तिथल्या डॉक्टरच्या तोंडाकडं असाच बघत होतो.

"कीड आहे," तो म्हणाला. "इतकी बारीक की डोळ्याला दिसत नाही. कातडीत भोकं पाडून राहते. चोच आणि पाय धरते."

"माणसाला लागती का?" जुलेखानं विचारलं. "घरात ल्हान पोरगी हाय."

"नाही. ही पाखरांचीच. पोरीला काही होत नाही."

तिनं सोडलेला श्वास मला ऐकू आला.

"पण कीड काही ह्याला आज मारणार नव्हती," डॉक्टर म्हणाला. "पाखराची ऊब त्याच्या पिसांत असते. तेलानं पिसं बसली, ऊब गेली. आता हा थंडीनं मरेल. आजचा आणि उद्याचा दिवस काढला, तर वाचेल. हे तेल लावलं कुणी?"

जुलेखानं तोंड उघडलं. मी आधी बोललो. "म्या. हात हिचे, पण लावायला म्या लावलं."

"गंधकानं कीड मरते हे खरं. पण तुम्ही ह्याला भज्यासारखं बुचकळलंत हो!"

मग त्यानं सांगितलं ते मी इथं सांगतो, कारण कुणाच्या तरी घरी असं पाखरू असेल आणि माझ्यासारखा शहाणाही असेल. सुकं बारीक पीठ पिसांवर भुरभुरायचं, ते तेल ओढून घेतं, मग मऊ फडक्यानं हळू झटकायचं. पिंजरा कढत पाण्यानं धुवायचा, दांड्या जाळून नव्या घालायच्या, नाहीतर कीड तिथंच राहते. आणि औषध म्हणून त्यानं एक बाटली दिली, गुरांचं पोट साफ करायचं बिनवासाचं पॅराफिनचं तेल.

"साहेब, पुन्हा तेलच?" मी म्हटलं.

"थेंबभर. काडीला कापूस गुंडाळून, फक्त चोचीवर आणि पायांवर. नाकाच्या भोकात जाऊ द्यायचं नाही. पिसाला लागलं तर माझ्याकडं परत येऊ नका." आणि दारातून हाक मारून म्हणाला, "आधी ऊब! शेगडी ठेवा जवळ. दार जरा उघडं ठेवा, कोळशाची वाफ पाखराला सोसत नाही."

शेगडी म्हटल्यावर मी जुलेखाकडं बघितलं. ती पिंजऱ्याला फडकं गुंडाळत होती.

शेगडी

भाजल्यापासून माझ्यासमोर कुणी काडी ओढत नव्हतं. असा नेमच झाला होता घरात. स्वयंपाक मागच्या छपरात, कंदील लावायचा तो बाहेर लावून आत आणायचा. काडेपेटीचा आवाज आला तरी मला दरदरून घाम फुटायचा. लाज वाटायची ह्याची. ज्याच्या घरात तीन पिढ्या आगीवर जगल्या, तो काडीला भितो.

आणि आता निखारे, माझ्या खोलीत.

"छपरात घेऊन बस त्याला," मी म्हटलं.

"छपरात वारं हाय. ऊब टिकायची ती ह्याच खोलीत," ती म्हणाली. "तुमी अम्माकडं जाऊन बसा."

जायचंच ठरवलं होतं. ती शेगडी घेऊन आली. लाल कोळसे, वर राखेची पातळ साय. पिंजऱ्यापासून दोन हातांवर ठेवली, दार फटीएवढं उघडं ठेवलं आणि नवाबावर ज्वारीचं पीठ भुरभुरायला बसली. मी दारापर्यंत गेलो. मागं वळून बघितलं तर नवाब तळाला आडवा. उभासुद्धा नाही.

परत आलो. भिंतीला पाठ लावून बसलो, शेगडीपासून जेवढं लांब बसता येईल तेवढं लांब.

एक कोळसा तडकला. मी उठून उभा राहिलो. जुलेखानं वर बघितलं, पण बसा म्हणाली नाही, जावा म्हणाली नाही. मी आपणच बसलो. पुन्हा तडकला, पुन्हा उठलो. किती वेळा झालं असेल कोण जाणे. अल्लाचं नाव घेत होतो, मधेच कोळशाला शिव्या देत होतो. पीठ तेलानं ओलं झालं की ती झटकायची, नवं भुरभुरायची. बाहेर गुरं परतायची वेळ झाली. शमा दाराच्या फटीतून बघून गेली.

मग टक् असा आवाज आला. मला वाटलं, पुन्हा कोळसा.

जुलेखानं हात वर केला, गप्प म्हणून. टक्. टक्. नवाब बसला होता, पिसं विस्कटलेली, अंगभर पीठ, आणि समोरचं राळं फोडत होता.

"खाल्लं," ती म्हणाली.

"व्हय. खाल्लं."

"अजून घेतंय बघा."

"काल बोललो ते," मी म्हटलं, "माझं चुकलं, जुलेखा. तुझा काय गुन्हा न्हवता."

"ठाव हाय मला," ती म्हणाली आणि पिठाचं फडकं झटकायला लागली. डोळे पुसले ते त्याच फडक्यानं, मग तोंडभर पीठ. मी हसलो तर म्हणाली, "हसताय काय, तुमचं पाखरू हाय म्हणून रडू आलं."

धरायचं कुणी

दोन दिवस निघाले. नवाब दांडीवर चढला. आता चोचीचं औषध, आणि तिथं नवी पंचाईत. एकानं धरायचं, एकानं लावायचं. अम्मा त्या पाखराला शिवणार नाही. जुलेखानं एकटीनं करून बघितलं, तर नवाब फडफडला आणि थेंब नाकापाशी गेला.

"तुमी धरा," ती म्हणाली.

"ह्या हातांनी?"

डाव्या हाताची शेवटची तीन बोटं वाकडी होऊन एकमेकांना चिकटली होती. तळवा वाटीसारखा झाला होता, पाखरू नेमकं मावेल असा. पण त्या हाताला काही कळायचं नाही. ना गरम, ना टोचलेलं. आणि डॉक्टरनं बजावलं होतं, छाती दाबायची नाही, पाखरू छातीच्या हालचालीवरच श्वास घेतं. मी किती दाबतोय हे मलाच कळणार नसेल तर?

"म्या सांगते की," ती म्हणाली. तिनं नवाबाला माझ्या तळव्यात ठेवलं आणि माझ्या बोटांच्या आणि त्याच्या छातीच्या मधे स्वतःचं एक बोट घातलं. "घट्ट झालं. ढिलं करा. अजून. हां, बास. आता हलू नका."

मी हललो नाही. श्वाससुद्धा घेतला नाही. आपल्याच हाताकडं दुसऱ्याच्या हाताकडं बघावं तसं बघत होतो. तिनं दुसऱ्या हातानं काडी फिरवली, चोचीच्या कडेनं, मग एकेका पायावर. मला वाटलं अर्धा दिवस गेला. "झालं," ती म्हणाली. माझी पाठ घामानं भिजली होती.

जुम्म्याच्या दिवशी दुपारची नमाज झाल्यावर अम्मा आली. आम्ही औषध लावायलाच बसलो होतो. खपल्या गेल्या नव्हत्या, उलट तेलानं काळ्या पडून आधीपेक्षा भयंकर दिसत होत्या. मला वाटलं, संपलं. आता ती पिंजरा उचलणार.

"डाक्टर म्हनले, पोरीला लागत न्हाय," जुलेखा घाईनं म्हणाली.

"बैलाच्या डाक्टरला काय ठाव?" अम्मा म्हणाली. पण ती नवाबाकडं बघतच नव्हती. माझी शाल खाटेवर पडली होती. दोन्ही हात उघडे, आणि त्यातल्या एकात पाखरू. दवाखान्यातून आल्यापासून मी ते तिला बघू दिले नव्हते. मग म्हणाली, "अजून आठ दिवस बघते," आणि पदर तोंडाला लावून गेली. पुढच्या जुम्म्याला ती विचारायलाही आली नाही.

खपली

लवकर बरं होईल म्हणून बसू नका. तीन आठवडे लागले. आधी रोज, मग दिवसाआड. मधे एकदा पायाचं नखच गळालं, तेव्हा मी पुन्हा जुलेखावर ओरडलो आणि पुन्हा माफी मागितली. खपल्या ओढायच्या नाहीत, आपोआप सुटतात. आम्ही एक ओढली तर रक्त आलं.

शेवटची खपली वरच्या चोचीच्या मुळाशी होती. त्या दिवशी सकाळी तिनं काडी लावली आणि ती सबंध सुटून आली. खाली स्वच्छ कातडी, नाकाची भोकं मोकळी. नवाबानं मान झटकली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि सगळी ताकद लावून माझी करंगळी धरली.

"हाय अल्ला!" मी ओरडलो. हात उघडला गेला, नवाब भुर्रकन उडाला.

"काय झालं?"

"चावला की हरामखोर!"

"चावला तर चावला. तुमाला कुठं काय..." आणि ती थांबली.

मीही थांबलो.

तिनं काडी खाली ठेवली. माझा डावा हात ओढून मांडीवर घेतला. "कुठं चावला?"

"करंगळीला. बाहीरच्या बाजूला."

तिनं तिथं नख टेकवलं. "कळतंय?"

"व्हय."

"खरं सांगा."

"व्हय गं, कळतंय."

मग ती पुढं सरकली. शेजारच्या बोटावर नख दाबलं. "हितं?" न्हाय. मधल्या बोटावर. "हितं?" न्हाय. अंगठा, तळवा, मनगट. उजवा हात घेतला, एकेक बोट, एकेक पेर. न्हाय, न्हाय, न्हाय. खोटं कशाला सांगू, त्या जागा पुढंही कधी जाग्या झाल्या नाहीत. दारूकाम मी पुन्हा केलं नाही.

नवाब छताच्या आढ्याशी बसून आम्हाला शिव्या घालत होता. जुलेखा दोन्ही हात तपासून संपल्यावर परत करंगळीवर आली.

"हितं?"

"व्हय," मी म्हटलं. "जरा जोरात दाब."